रिकामी कात्री

द्राक्षाच्या घडाची पुढची बाजू छान विरळली गेली आणि यंत्राचा हात थांबला. घडाचा शेंडा दोन बोटांत हलकेच धरून तो थांबला तो थांबलाच. एक, दोन, तीन. मग काही झालंच नाही अशा थाटात त्यानं शेंडा सोडला आणि पुढच्या घडाकडं सरकला. घडाची मागची बाजू होती तशीच गच्च राहिली.

"झालं याचं सुरू," तन्वीर म्हणाला आणि त्यानं वहीत एकेचाळिसावी फुली मारली.

त्याच्याबरोबर हे यंत्र बनवणाऱ्या कार्तिकीनं नुसतं पुढच्या घडाकडं पाहिलं. चिडायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं, आणि तिचं ते केव्हाच संपलं होतं. बारा दिवस हेच चाललं होतं. कोपराची मोटर बदलून झाली, वायरी बदलून झाल्या, दुसऱ्या विभागातून कॅमेरा उसना आणून झाला. तन्वीरनं तर सगळा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला होता. हात आपला गुणी बाळासारखा अर्धा घड विरळायचा, तीन सेकंद उभा राहायचा आणि चालू लागायचा. त्यांचे मार्गदर्शक गुळवणी सर निवृत्तीला टेकलेले. त्यांनी येऊन, चष्मा कपाळावर चढवून दोन घड पाहिले आणि म्हणाले, कारण शोधत बसू नका, ते तीन सेकंद कापून टाका. तेही केलं. हात न थांबता पळायला लागला, पण अर्धं काम ते अर्धंच.

स्पर्धेला अठरा दिवस उरले होते.

अभियांत्रिकी कॉलेजांची ही रोबोटिक्स स्पर्धा दरवर्षी पुण्यात व्हायची. पूर्वी म्हणे चेंडू उचल, ठोकळे रच असले खेळ असायचे. आता शेतीची यंत्रं बनवणारी एक कंपनी ती भरवत होती, आणि कंपनीला खेळात रस नव्हता. यंदा मांडवाला द्राक्षांचे वीस घड टांगलेले असणार होते. जे यंत्र ते लवकर आणि नीट विरळेल त्याचा पहिला नंबर, आणि ते बनवणाऱ्या पोरांना तिथल्या तिथं नोकरी.

विरळणीच का, तर बागेत माणसाच्या हाताला तेवढंच काम उरलं होतं. फवारणी ड्रोननं घेतली, छाटणी यंत्रानं घेतली, पेट्या उचलून गाडीत भरायलाही लोखंडी गडी आले. विरळणी कुणाला घेता येईना. मणी ज्वारीएवढे झाले की त्यातले निम्म्याहून जास्त कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे बायकांच्या बोटांना कळतं, पण विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. सांगताच येत नाही म्हटल्यावर यंत्राला नियम तरी कुठले घालून देणार?

म्हणून कार्तिकीनं बाही तयार केली होती. खांद्यापासून बोटांपर्यंत घट्ट बसणारी, आतून बारीक बारीक सेन्सर लावलेली. बोट हलायच्या आधी मेंदूकडून स्नायूला हुकूम येतो. तो विजेचा असतो, अगदी क्षीण, पण कातडीवरून मोजता येतो. यंत्राला नुसता व्हिडिओ दाखवून शिकवायचं तर हजारो तास लागतात, कारण त्याला फक्त झालेली हालचाल दिसते. बाहीतून त्याला हालचालीआधीचा बेतही कळतो, आणि चाळीस तासांत काम भागतं. गोम एवढीच, की यंत्र समोर येईल ते सगळं घेतं. त्यातलं कसब कुठलं आणि सवय कुठली, हे त्याला निवडता येत नाही.

बाही कुणाच्या हातात घालायची हा प्रश्नच नव्हता. कार्तिकीची आई मालन कोनवडीच्या बागांमधून बावीस वर्षं विरळणी करत होती. लेक म्हणाली घाल, आईनं घातली. चार दिवस ती बाही घालून राबली, मागं तिपाईवर कॅमेरा. कशाला, कशासाठी, असं एका शब्दानं विचारलं नाही.

आणि कार्तिकीला ती नोकरी हवी होती ती याच हातासाठी. मांडवाखाली विरळणी करायची म्हणजे दिवसभर हात डोक्याच्या वर. मालनचा उजवा खांदा बावीस वर्षांत झिजून गेला होता. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून स्पष्टच सांगितलं होतं की हे काम आताच्या आता सोडा. आणखी एक हंगाम ओढलात तर हा हात कानाच्या वर कधी जायचा नाही, वेणीसुद्धा दुसऱ्याकडून घालून घ्यावी लागेल. मालननं डॉक्टरांना हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बागेत गेली. तिला घरी बसवायचं तर घरात दुसरं कुणी मिळवतं हवं, असा कार्तिकीचा सरळ हिशेब होता.

रविवारी ती गावी गेली. आई घरी नव्हती, विरळणीला रविवार नसतो. तशीच बॅग खांद्याला लावून ती बागेत गेली आणि बांधावर बसली. दमली होती, उगाच बघत राहिली. टोळीतल्या बायका ओळीनं पुढं सरकत होत्या. आई पाठमोरी होती. तिची कात्री थांबली, तिनं घडाचा शेंडा दोन बोटांत धरला आणि उभी राहिली. एक, दोन, तीन.

कार्तिकी उठून उभी राहिली. पानांच्या पलीकडून, त्याच घडात, दुसरी कात्री कचकच चालली होती.

पलीकडं फुलाबाई होती. चौदा वर्षं ती मालनच्या समोर होती. कोनवडीच्या टोळीची रीतच ती: एका घडावर दोघी, अलीकडची बाजू एकीची, पलीकडची दुसरीची. जिचं आधी उरकेल तिनं शेंडा धरून घड स्थिर ठेवायचा, दुसरीची कात्री थांबली की दोघींनी मिळून पुढं. कार्तिकी लहानपणी याच बांधावर खेळली होती, याच दोन कात्र्यांच्या आवाजात झोपली होती. आणि शहाणीनं बाही शिवली ती एकीलाच. बारा दिवस ती यंत्राची चूक शोधत होती, यंत्र तर आईनं केलं तेच इमानेइतबारे करत होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं आईला विचारलं, आधी सांगायचं नाही का, की हे अर्धंच आहे म्हणून. मालननं डाव्या हातानं भाकरी मोडली. उजवा मांडीवर पडून होता.

"मला वाटलं तुला ठावं हाय," ती म्हणाली. "तू माझा हात मागितलास, मी माझा दिला. फुलाचा मी कसा देणार?"

मग कार्तिकीनं दुसरंही विचारून घेतलं. समजा नोकरी लागली, पहिल्या महिन्यापासून पगार आला, तर काम सोडशील ना? मालननं इकडंतिकडं पाहिलं. फुलाबाई लांब, नळावर डबा धूत होती. मालन हळू आवाजात सांगायला लागली. मुकादम जोडीनं हजेरी लावतो, सुट्टी, म्हणजे एकटी, बाई घेत नाही. फुला आता पन्नाशीला आली, तिला नवी जोडीदारीण कोण मिळणार? तरण्या पोरी तिच्यासमोर उभ्याच राहायच्या नाहीत, मागं पडते म्हणून. आधीच ती अलीकडं फार रेंगाळते.

"मी घरी बसले तर ती बी घरी बसली. अजून चार-दोन वर्षं ओढायची गं, दुसरं काय."

कार्तिकी संध्याकाळच्या गाडीनं कॉलेजला परतली.

सोमवारी तिनं तन्वीरला सगळं सांगितलं. तन्वीरनं आधी कपाळाला हात लावला, मग तसाच लॅपटॉपवर वाकला. कॅमेऱ्याची मूळ चित्रफीत अजून जपून ठेवलेली होती. यंत्राला शिकवण्याआधी त्यांनीच तिच्यातून कचरा काढून टाकला होता: हलणारी पानं, उडणारे पक्षी, वाऱ्यानं झुलणारे घड. मालनचा हात सोडून जे जे हललं ते सगळं प्रोग्रामनं पुसून टाकलं होतं. त्यातच पानांच्या फटीतून दिसणारी फुलाबाईची बोटंही गेली होती. प्रोग्रामच्या लेखी तो वारा होता.

ती बोटं परत मिळवता येत होती. बाही नव्हती, नुसता व्हिडिओ होता. पण एका बाजूचा मालनचा बेत कळला की त्याच घडावरच्या दुसऱ्या हाताचा बेत यंत्राला बराचसा ताडता येतो. तन्वीरनं कार्तिकीला न विचारताच गणित लावून दिलं. बुधवारी दुपारपर्यंत दुसरा हात तयार झाला. मागच्या वर्षीच्या यंत्राचा जुना हात काढून त्यांनी प्रयोगशाळेतल्या मांडवाच्या पलीकडं बसवला.

पहिल्याच घडाला दोन्ही बाजू विरळल्या गेल्या. तन्वीर हसला, किती दिवसांनी. पण फुलाबाईच्या हातात काहीतरी खोट होती. त्या हाताचं काम आधी संपायचं, आणि संपल्यावरही कात्री चालूच राहायची. घडापासून बोटभर लांब, हवेत, कचकच. एकही मणी न कापता तीन सेकंद.

"व्हिडिओतला गोंधळ असणार," तन्वीर म्हणाला. "गाळून टाकतो."

कार्तिकीनं त्याला थांबवलं आणि मूळ चित्रफीत संथ करून पाहिली. गोंधळ नव्हता. पानांच्या फटीत फुलाबाईची खरी कात्री खरोखरच हवेत चालली होती. पहिल्या घडाला, दहाव्याला, शंभराव्याला. सकाळी एखादा सेकंद, दुपारी दोन, संध्याकाळी चार-चार.

मग तिला बाहीची आठवण झाली. थकलेला स्नायू बाहेरून दिसत नाही, पण त्याच्यातल्या विजेच्या लाटा संथ होत जातात आणि बाहीला ते कळतं. तिनं आईच्या खांद्याचे आकडे काढले, फुलाबाईच्या रिकाम्या कात्रीचे आकडे काढले आणि दोन्हींचे आलेख एकाखाली एक मांडले. आईचा खांदा जसजसा थकत गेला होता, तसतशी पलीकडची कात्री हवेत जास्त वेळ चालली होती. घडामागून घड, चारही दिवस. आणि जितका वेळ ती कात्री चालायची, तितका वेळ शेंडा धरून उभ्या असलेल्या आईचं कोपर खाली यायचं आणि खांदा सैल पडायचा.

तन्वीरनं लॅपटॉप मिटला आणि चहा आणायला गेला.

शुक्रवारी कार्तिकी परत गावी गेली, पण आधी आपल्या घरी न जाता फुलाबाईच्या घरी गेली. फुलाबाई नुकतीच कामावरून आली होती, दारातल्या दगडावर बसून पाय धूत होती. कार्तिकीला तिला मावशी म्हणायची सवय, पण आज तो शब्दही जड गेला. न विचारता तुमचा हात घेतला, हे तिनं आधीच सांगून टाकलं. वाटलं तर पुसून टाकते, म्हणाली. मग रिकाम्या कात्रीचं सांगितलं.

फुलाबाईनं दुसरा पाय धुतला. पदरानं तोंड पुसलं.

"तीन वरसं झाली," ती म्हणाली. "तिचा श्वास मोठा व्हायचा. मला पलीकडनं ऐकू यायचा. थांब म्हटलं तर ती थांबती व्हय? कात्रीचा आवाज बंद झाला की निघाली पुढं. म्हणून म्हटलं, आवाज चालू ठेवावा."

मालन तिला रेंगाळते म्हणते हे तिला ठाऊक होतं. म्हणू दे, म्हणाली. मुकादमही दोनदा बोलला होता. तो तर बोलण्यासाठीच ठेवलेला असतो. यंत्राबद्दल तिचं म्हणणं फार नव्हतं. आज ना उद्या ते येणारच, इतर सगळं आलं तसं. कार्तिकीच्या हातून आलं तर निदान ते कुणाचे हात आहेत हे गावाला माहीत राहील. घे, म्हणाली, सांगायला आलीस हेच पुष्कळ झालं.

"फकस्त ती रिकामी कात्री काढून टाक. यंत्राला कुठं खांदा असतो? आणि आईला सांगू नगंस. कळलं तर उद्यापासनं ती दम खायची न्हाई."

कार्तिकीनं शब्द दिला. तिथंच उठली असती तर बरं झालं असतं. पण ती इतकी थकली होती, आणि समोर लहानपणापासूनची मावशी बसलेली, त्यामुळं जे सांगायचं नव्हतं तेही तिच्या तोंडून गेलं. डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. आई तुमच्यासाठी काम सोडत नाही, तुम्ही एकट्या पडाल म्हणून, हेही सांगितलं. फुलाबाई एवढंच म्हणाली, "असं म्हणाली व्हय," आणि चूल पेटवायला आत गेली.

मंगळवारी आईचा फोन आला. मालन सहसा फोन करत नसे, आणि केला तर पहिलं जेवलीस का विचारायची. या वेळी तेही नाही. फुला गेली होती. जतला, लेकीकडं, कायमची. मालनला काही न सांगता मुकादमाला सांगून गेली. सकाळी मालन बागेत पोचली तर समोर कुणी नाही, आणि मुकादमानं तिला सुट्टी बाई म्हणून परत पाठवलं.

"चौदा वर्षं माझ्या तोंडासमोर उभी ऱ्हायली," मालन म्हणाली, "आणि जाताना सांगायला तिला तोंड झालं न्हाई. तिच्यापायी मी खांदा घालवला गं. तिच्यापायी."

कार्तिकी फोन कानाला लावून भिंतीला टेकली. एक वाक्य बोललं की सगळं निस्तरणार होतं, आणि तेच बोलायचं नव्हतं. आई घरी बसली होती. कार्तिकीला हवं होतं तेच झालं होतं. तिला वाईट वाटलं आणि आपलीच लाजही वाटली. तिनं आईला एवढंच म्हटलं की खांदा शेक, आणि स्पर्धेला पुण्याला ये. मालन आधी नको म्हणाली. मग म्हणाली येते, घरात बसून तरी काय करू.

पुढचे दिवस तिनं आणि तन्वीरनं यंत्रावर काढले. फुलाबाईनं सांगितल्याप्रमाणं रिकामी कात्री काढून टाकली, मालनचे तीन सेकंदही काढले. जिचं आधी उरकेल तिनं शेंडा धरायचा एवढी टोळीची रीत मात्र ठेवली, कारण तिच्याशिवाय घड हलायचा.

स्पर्धेच्या हॉलमध्ये गर्दी आणि दिव्यांचा उकाडा होता. एकेका यंत्राची पाळी येत होती. कुणाचं मणी चिरडत होतं, कुणाचं एकेका घडाला मिनिटभर विचार करत होतं. त्यांचा नंबर आला तेव्हा मालन दोरीच्या मागं अगदी पुढं येऊन उभी राहिली. उजवा हात पदराखाली झोळीत होता. तन्वीरनं कळ दाबली.

दोन्ही हात एका घडावर गेले. लोक कौतुकानं बघत होते, परीक्षक वेळ मोजत होते. मालन पहिले दोन घड नुसती बघत राहिली. तिसऱ्याला तिनं पलीकडच्या हाताकडं बोट केलं. कात्री धरताना तिसरं बोट जरा वर राहतं, ते तिनं ओळखलं होतं.

"ही फुला."

कार्तिकीनं मान हलवली.

चौथा घड झाला. पाचवा झाला. प्रत्येक वेळी पलीकडचा हात आधी मोकळा व्हायचा, शेंडा धरायचा आणि थांबायचा. अलीकडच्या हाताचं अजून चाललेलं असायचं. मालन दोरीवर वाकली. बावीस वर्षं विरळणी केलेल्या बाईला हात खोटं सांगत नाही.

"तू तिचा हात वाढीव पळवलास व्हय?"

"नाही, आई. तिचा आहे तेवढाच आहे."

"आणि माझा?"

"तुझाही."

सहावा, सातवा. पलीकडचा हात थांबलेला, अलीकडचा मागून येणारा.

"एवढ्या लवकर उरकायचं तिचं," मालन म्हणाली. "मग रोज ती माझ्या मागं कशी ऱ्हायची?"

कार्तिकीनं शब्द दिलेला होता. ती खाली बघत राहिली. मालननं तिच्या तोंडाकडं पाहिलं, परत त्या हाताकडं पाहिलं. तिचा डावा हात सावकाश उजव्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तिनं ते पुसलं नाही, विसावा घड होईपर्यंत ती तशीच उभी होती.

निकाल लावायला परीक्षकांनी अर्धा तास घेतला. मालन मागं खुर्चीवर जाऊन बसली होती. मंचावरून त्यांच्या कॉलेजचं नाव पहिल्या नंबराला पुकारलं गेलं तेव्हा तन्वीर धावत आला आणि कार्तिकीच्या बाहीला धरून ओढायला लागला. मालननं पिशवी उचलली होती.

"इथनं जतला थेट गाडी असती का गं?" तिनं विचारलं.

कार्तिकीनं तन्वीरला हातानंच तू पुढं हो म्हटलं, आणि मोबाइल काढून गाड्यांच्या वेळा बघायला लागली.